एडन: मुंबईहून चालवलेलं अरबी बंदर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई इलाख्याच्या इतिहासाबद्दल बोलताना एडनचं नाव निघालं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. कुणाला वासुदेव बळवंतांचा तुरुंग माहीत असतो, कुणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत एडनचा शिक्का असलेलं पाकीट सापडलेलं असतं, तर कुणाला अंबानींबद्दल विचारायचं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एडन की अदन? आणि हे आहे कुठे?

अरबीत 'अदन', इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे आलं ते 'एडन'. दोन्ही चालतं. आज ते येमेन देशात आहे. अरबस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या पूर्वेला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर. मुंबईहून समुद्रमार्गे अंतर सुमारे १,६५० सागरी मैल.

जुनं गाव एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं आहे, म्हणून त्या भागाचं नावच 'क्रेटर'. तिन्ही बाजूंनी काळे कडे आणि पूर्वेला समुद्र, त्यात सिरा नावाचं किल्ल्याचं बेट. इंग्रजांनी जे बंदर वाढवलं ते इथे नव्हे, तर पश्चिमेच्या मोठ्या, सुरक्षित खाडीत, तवाही भागात. त्याला ते 'स्टीमर पॉइंट' म्हणत. जुनी वर्णनं वाचताना हा फरक लक्षात ठेवला नाही तर गाव एकीकडे आणि बोटी दुसरीकडे असा घोळ होतो.

२. त्याचा मुंबईशी नेमका काय संबंध?

एडन १८३९ मध्ये घेतलं ते मुंबई सरकारने, मुंबईच्या फौजेने आणि मुंबईहून गेलेल्या जहाजांनी. त्यानंतर १९३२ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षं, ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. तिथल्या अधिकाऱ्याने पत्र लिहायचं ते मुंबईच्या गव्हर्नरला, आणि न्यायालयाच्या निकालावर अपील करायचं ते मुंबई हायकोर्टात. खानेसुमारीतही त्याची मोजणी मुंबई इलाख्यातच होई. रत्नागिरी, धारवाड, सुरत यांच्या जोडीला एक अरबी गाव आपल्याच इलाख्यात होतं, हे शाळेत कुणी सांगत नाही. बारीक तारखा आणि अपवाद प्रश्न १२ मध्ये आहेत.

३. पाणी नाही, शेती नाही. मग इंग्रजांना हा खडक हवा कशाला होता?

कोळशासाठी. १८३० च्या आधी मुंबईची टपाल शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला जायची आणि त्यात महिनेच्या महिने जात. त्या वर्षी २० मार्चला 'ह्यू लिंडसे' ही मुंबईच्या गोदीत बांधलेली आगबोट सुएझला निघाली. आगबोट वाऱ्यावर अवलंबून नव्हती, पण तिचं पोट मोठं होतं. कोळसा इतका लागायचा की उतारूंच्या खोल्यांपर्यंत भरावा लागला, आणि एडनला पोचेपर्यंत तो जवळपास संपला. तिथे आधी पाठवून ठेवलेला कोळसा भरायचा तर माणसं मिळेनात, दिवसामागून दिवस वाया गेले. तरीही बोट महिनाभरात सुएझला पोचली. हा मार्ग चालतो हे सिद्ध झालं, आणि वाटेत भरवशाचं कोळसाघर हवं हेही.

त्याआधी इंग्रजांनी आजूबाजूला चाचपणी केली होती. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्यावर १७९९ मध्ये त्यांनी सामुद्रधुनीतलं पेरीम बेट घेऊन पाहिलं, पण प्यायला पाणी नसल्याने सोडावं लागलं. एडन त्या मानाने बरं. बंदर खोल होतं, डोंगरामुळे बचाव सोपा होता, आणि मालक, म्हणजे उत्तरेकडच्या लाहेज संस्थानाचा सुलतान, दुबळा होता. इजिप्तचा महंमद अली येमेनकडे सरकत होता, हेही एक कारण होतंच.

४. 'दर्या दौलत' जहाज लुटल्यामुळे एडन घेतलं असं वाचलं. खरं कारण हेच का?

निमित्त ते होतं. कारण प्रश्न ३ मध्ये सांगितलं आहे.

घडलं असं. मद्रासकडच्या मालकांचं, इंग्रजी निशाण लावलेलं 'दर्या दौलत' हे जहाज जानेवारी १८३७ मध्ये एडनजवळ किनाऱ्याला लागून फुटलं. त्यावर माल होता आणि हजचे यात्रेकरूही होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाज लुटलं, उतारूंचे हाल केले. एडनच्या बाजारात लुटीचा माल उघड विकला गेला.

मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांना अशीच काहीतरी संधी हवी होती. त्यांनी कंपनीच्या आरमारातला कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स याला लाहेजच्या सुलतान मुहसिनकडे पाठवलं. भरपाई मागितली १२,००० रियाल (चांदीची नाणी, प्रश्न १४ पाहा), आणि त्याच बैठकीत विषय निघाला एडन विकत देण्याचा. किंमत ठरली वर्षाला ८,७०० रियाल. सुलतानाने होकार दिला, पण त्याच्या मुलाला ते मान्य नव्हतं. हेन्सला पकडून कागद परत काढून घ्यायचा बेत शिजल्याची कुणकुण लागली आणि तो मुंबईला परतला. दुसऱ्या खेपेला तो आला तो जहाजं आणि फौज घेऊनच. १९ जानेवारी १८३९ रोजी 'व्होलेज' आणि 'क्रूझर' या युद्धनौकांनी सिरा बेटावरचा किल्ला भाजून काढला, मग सातशेच्या आसपास गोरे आणि हिंदी शिपाई उतरले, आणि काही तासांत गाव हाती आलं. हिंदी शिपाई २४व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे होते.

व्हिक्टोरिया राणी गादीवर बसल्यावर साम्राज्यात पडलेली ही पहिली भर. फुटलेल्या जहाजाच्या भरपाईसाठी अख्खं बंदर घेणं म्हणजे उंदीर मारल्याबद्दल वाडा लिहून घेण्यासारखं आहे. जहाज फुटलं नसतं तर दुसरं निमित्त सापडलं असतं, असं माझं मत आहे. पुढच्या दीड वर्षात अरब टोळ्यांनी गाव परत मिळवायला तीन मोठे हल्ले केले. तिन्ही फसले.

५. हे ग्रँट म्हणजे ग्रँट रोडवाले का?

होय. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज, दोन्ही नावं त्यांचीच. एडन घेण्याचा आग्रह त्यांचा, पण ते हाती आलेलं त्यांनी पाहिलं नाही. जुलै १८३८ मध्येच पुण्याजवळ दापोडीला त्यांचा मृत्यू झाला होता.

६. कॅप्टन हेन्सला शेवटी तुरुंगात टाकलं होतं म्हणे. एडन जिंकून देणाऱ्यालाच?

त्यालाच. आणि तेही मुंबईच्या तुरुंगात.

हेन्स हा मुळात समुद्राची मोजणी करणारा माणूस. 'पॅलिनुरस' जहाजावरून त्याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचे नकाशे काढले होते. १८३९ पासून पंधरा वर्षं तो एडनचा पोलिटिकल एजंट होता. त्याने टोळ्यांच्या सरदारांना तैनाती, म्हणजे ठरावीक नेमणुकीचे पैसे, लावून दिल्या, बातमीदार पेरले, व्यापारी बोलावले. तो आला तेव्हा गावात जेमतेम सहाशे माणसं होती, त्यातली बरीच यहुदी आणि थोडे बनिये. तीन-चार वर्षांत वस्ती पंधरा हजारांच्या पुढे गेली.

पण हिशोब ठेवायला मुंबईने त्याला पुरेसे कारकून कधी दिलेच नाहीत. खजिना, पोलीस, न्याय, हेरगिरी असं सगळं एकट्याच्या टेबलावर होतं. १८५४ मध्ये तपासणी झाली तेव्हा सुमारे २८,००० पौंडांची तूट निघाली. त्याला मुंबईला आणून अफरातफरीचा खटला चालवला. ज्यूरीने दोनदा निर्दोष सोडलं. तरीही मुंबई सरकारने 'पैसे तर तुम्हीच देणं लागता' म्हणून कर्जदार ठरवून त्याला डांबलं. तिकडे त्याच्या जागी जेम्स औट्रम गेला, कोल्हापूर-सावंतवाडीच्या बंडाच्या इतिहासात नाव येतं तोच.

हेन्स सहा वर्षं कोठडीत सडला. १८६० मध्ये नवे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी त्याला सोडलं. विलायतेला जायला तो बोटीवर चढला, आणि बोट मुंबई बंदरात उभी असतानाच १६ जूनला मरण पावला. त्याने पैसे खाल्ले होते का? तो श्रीमंत झाल्याची कसलीही खूण सापडत नाही. गोंधळलेला हिशोब आणि खाल्लेला पैसा यांत फरक असतो, हे ज्यूरीला कळलं, सरकारने कळून घेतलं नाही.

७. 'खुलं बंदर' म्हणजे काय? आणि मोखाची कॉफी एडनची कशी झाली?

खुल्या बंदरात आयात-निर्यातीवर जकात नसते. १८५० मध्ये हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने एडनला ती मोकळीक मिळाली. परिणाम झपाट्याने दिसला. तांबड्या समुद्रातलं मोखा बंदर शतकानुशतकं येमेनी कॉफीचं दार होतं. कॉफीच्या एका जातीला जगभर 'मोका' म्हणतात ते त्यावरूनच. पण तिथे जकात होती, कारभार बेभरवशाचा होता आणि मोठी आगबोट लागत नव्हती. व्यापाऱ्यांनी बस्तान एडनला हलवलं. डोंगरातून उंटांवर कॉफी येई, एडनमध्ये ती बायका-पोरं निवडत, पोती शिवली जात आणि बोटीत चढत. नाव मात्र मोखाचंच राहिलं.

एडनहून कॉफी, कातडी, डिंक, लोबान, मोती आणि शहामृगाची पिसं जायची. मुंबईहून यायचं कापड, तांदूळ, धान्य, मसाला. बहुतेक माल एडनचा नव्हता आणि एडनसाठीही नव्हता. एकीकडून घ्यायचा, दुसरीकडे द्यायचा, मधली दलाली ठेवायची.

आर्थर रँबो हा फ्रेंच कवी कविता सोडून १८८० मध्ये इथे नोकरीला आला, तो अशाच एका कॉफीच्या पेढीवर.

८. सुएझ कालव्याने किती फरक पडला?

एडनचा खरा उत्कर्ष त्यानंतरचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला. आधी मुंबईची बोट सुएझला थांबायची, तिथून माणसं आणि टपाल जमिनीवरून अलेक्झांड्रियाला आणि पुढे दुसऱ्या बोटीने. आता तीच बोट सरळ युरोपात जाऊ लागली. कोळसा घ्यायला बहुतेकींना एडन लागायचं. पुढच्याच वर्षी मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालून तार आली. ती टाकणारं 'ग्रेट ईस्टर्न' त्या काळचं जगातलं सर्वात मोठं जहाज होतं. मुंबईच्या कापसाच्या बाजारात लिव्हरपूलचा भाव त्याच दिवशी कळू लागला तो या तारेमुळे.

पेरीम बेटावर १८८३ पासून एका इंग्रज कंपनीने कोळशाचं ठाणं काढून एडनशी चढाओढ केली. पन्नासएक वर्षं ते चाललं, १९३६ मध्ये बंद पडलं.

विलायतेला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींना पाच दिवस पाणीच पाणी पाहिल्यावर पहिली जमीन दिसे ती एडनची. बोट नांगरली की सोमाली पोरं होड्यांतून येत, उतारूंनी फेकलेल्या नाण्यांसाठी बुड्या मारत आणि नाणं दातांत धरून वर येत.

९. एवढ्या लोकांना पाणी आणि अन्न कुठून मिळायचं?

पाणी हीच एडनची मोठी किंमत होती. पाऊस नावालाच. क्रेटरच्या वरच्या घळीत खडकात खोदलेली, चुन्याने लिंपलेली प्राचीन टाकी आहेत, तवीलाची टाकी म्हणून. इंग्रज आले तेव्हा ती दगडमातीने बुजली होती. १८५० च्या दशकात लँबर्ट प्लेफेअर या अधिकाऱ्याने ती उपसून दुरुस्त केली. पण पाऊसच नाही तर टाकी भरणार कशी? म्हणून समुद्राचं पाणी उकळून गोडं करायची यंत्रं बसली आणि तेच पाणी बोटींना विकलं जाऊ लागलं. शेख उस्मान या जवळच्या गावच्या विहिरींचं पाणी पाटाने आणलं. पुढे १८८२ मध्ये ते गावच सुलतानाकडून विकत घेतलं.

मटण येई समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बेर्बेराहून, गलबतं भरभरून मेंढ्या. बेर्बेराचा पुरवठा दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये, हे १८८४ मध्ये इंग्रजांनी सोमाली किनारा ताब्यात घेण्यामागचं एक मोठं कारण. तोही कारभार १८९८ पर्यंत एडनमार्फत, म्हणजे एका अर्थी मुंबईकडूनच चालला. तांदूळ मात्र इकडचा.

१०. बोटीत कोळसा भरायचं काम कोण करत असे?

मुख्यतः येमेनच्या डोंगराळ भागातून आलेले मजूर, शिवाय सोमाली. उन्हाळ्यात लोखंडाला हात लागत नाही अशा ठिकाणी पाठीवर पोती घेऊन फळीवरून चढायचं. रात्रीही काम चाले, कारण टपालाची बोट थांबत नसे. भरती मुकादमांमार्फत व्हायची. मुकादम हा शब्द तिथेही मुकादमच, मुळात अरबीच आहे. उचल द्यायची, मजुरीतून कापायची, माणूस बांधून ठेवायचा. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात हे ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं समजावून सांगायला नको.

११. तिथे कोण कोण हिंदी लोक होते? मराठी होते का?

व्यापारात गुजराती बनिये, बोहरी, खोजे आणि पारशी. सगळ्यांत मोठं नाव कावसजी दिनशा यांचं. मुंबईचे हे पारशी गृहस्थ तरुणपणी एडनला गेले आणि त्यांच्या पेढीने कोळशापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बोटींपर्यंत सगळ्यात हात घातला. घराण्याचं आडनावच 'एडनवाला' झालं. त्यांच्या अग्यारीबद्दल प्रश्न १८ पाहा.

मराठी माणसं व्यापारात फारशी दिसत नाहीत. ती होती पलटणीत आणि कचेरीत. मुंबईच्या फौजेतल्या पलटणी आळीपाळीने एडनला ठेवल्या जात, आणि त्या फौजेत मराठे आणि महार शिपाई मोठ्या संख्येने असत. कोकणातल्या एखाद्या घरात 'आमचे खापरपणजोबा एडनला होते' अशी आठवण असेल तर ती बहुधा पलटणीची.

३ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेला निघालेल्या गांधीजींची 'राजपुताना' बोट एडनला थांबली, तेव्हा इथल्या हिंदी आणि अरब रहिवाशांनी मिळून त्यांचं स्वागत केलं होतं.

आजही एडनी जेवणात याच्या खुणा आहेत. बिर्याणीला ते 'झुरबियान' म्हणतात, आणि 'शाही अदनी' म्हणजे दूध-वेलची घालून उकळलेला चहा. बाकी अरब मुलखात चहा सहसा बिनदुधाचा. पंख्याला 'बंका' म्हणतात, तो आपलाच पंखा. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब'.

१२. एडन मुंबईकडून नेमकं कधी सुटलं? कुठे १९३२ लिहितात, कुठे १९३७, कुठे १९१७.

तिन्ही बरोबर, कारण तिन्ही वेळी वेगळी गोष्ट सुटली.

आधी एक भेद पाहा. 'एडन' म्हणजे बंदर आणि लगतची जमीन, फार तर ७५ चौरस मैल. हाच खरा ब्रिटिश मुलूख. आतल्या वाळवंटातले आणि डोंगरातले सुलतान, शेख वगैरे यांच्याशी नुसते तह होते, तैनाती होत्या. तो 'संरक्षित प्रदेश', तो मुंबई इलाख्याचा भाग कधीच नव्हता. नकाशात दोन्ही एकाच रंगात दिसतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

१९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, आतल्या टोळ्यांचं राजकारण मुंबईकडून काढून लंडनच्या हाती गेलं. गावचा कारभार मात्र मुंबईकडेच राहिला. म्हणजे रस्त्यावरचे दिवे मुंबईच्या अखत्यारीत आणि वेशीबाहेरचा शेख लंडनच्या! ही तऱ्हा पंधरा वर्षं चालली. १९३२ मध्ये गावही मुंबईकडून काढून दिल्लीच्या हिंदुस्थान सरकारखाली गेलं, चीफ कमिशनर आला. आणि १ एप्रिल १९३७ रोजी एडन हिंदुस्थानातूनच वेगळं होऊन स्वतंत्र वसाहत झालं. ब्रह्मदेश वेगळा झाला तोही त्याच दिवशी. एडनच्या हिंदी व्यापाऱ्यांचा या वाटणीला जोरदार विरोध होता. गंमत म्हणजे त्यानंतरही काही काळ तिथली अपिलं मुंबई हायकोर्टातच येत राहिली.

१३. वासुदेव बळवंत फडक्यांना अंदमानऐवजी एडनला का पाठवलं?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न. आधी एक गैरसमज काढू. अंदमान म्हटलं की डोळ्यांसमोर जो सेल्युलर तुरुंग येतो तो १९०६ मध्ये पुरा झाला. फडक्यांच्या वेळी तो नव्हताच. अंदमानची वसाहत होती, पण ती थेट हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात. एडन मुंबई सरकारचं स्वतःचं. समुद्रापलीकडे, तरी आपल्या मुठीत, शिवाय लष्करी पहाऱ्यात. सरकारी निर्णयामागचा प्रत्येक विचार कागदावर येत नाही, पण एवढी सोय डोळ्यांसमोर दिसते.

फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. जुलै १८७९ मध्ये विजापूर जिल्ह्यात पकडले गेले. पुण्यात खटला चालला, बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. १८८० च्या सुरुवातीला त्यांना एडनला नेलं. तिथे त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळून जाण्याचा प्रयत्न केला. बाहेर पडलेही. पण जाणार कुठे? ना भाषा, ना ओळखीचं माणूस, ना झाडाची सावली. सह्याद्रीत रामोशांच्या साथीने महिनोन्महिने हाती न लागलेला माणूस एडनच्या उघड्या रानात लपू शकला नाही. पुन्हा पकडल्यावर जाच वाढला, त्यांनी अन्न सोडलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

१४. एडनमध्ये रुपया चालायचा का? आमच्याकडे हिंदुस्थानी तिकीट लावलेलं एडनचं पाकीट आहे.

चालायचा, आणि वसाहत वेगळी झाल्यावरही चालला. १९५१ मध्ये पूर्व आफ्रिकेचं शिलिंग आलं तेव्हा रुपया गेला. आतल्या मुलखात मात्र लोकांचा विश्वास मारिया तेरेसाच्या चांदीच्या रियालवर.

एडनची स्वतःची तिकिटं १ एप्रिल १९३७ पासून, त्यांवर गलबताचं चित्र आणि किंमत आणे-रुपयांतच. त्याआधीच्या पाकिटावर हिंदुस्थानी तिकीट आणि एडनचा शिक्का असणं हेच बरोबर. संग्राहकांना अशी पाकिटं हवी असतात, तेव्हा तिकीट सोलून काढू नका.

१५. आजोबांच्या दाखल्यावर 'जन्म: एडन, मुंबई इलाखा, १९२८' असं आहे. म्हणजे ते भारतात जन्मले असं म्हणायचं का?

इतिहासाच्या हिशोबाने ते ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मले. १९२८ मध्ये एडन तसंच होतं (प्रश्न १२). पण या एका ओळीवर आज नागरिकत्वाचा दावा सांगायला जाऊ नका. नागरिकत्व ठरवताना राज्यघटना ज्या १९३५ च्या हिंदुस्थान सरकार कायद्यातल्या 'भारता'कडे बोट दाखवते, त्याच कायद्याने एडन बाहेर काढलं आहे. आई-वडिलांचा जन्म, नंतरचं वास्तव्य, बाकीचे कागद यांवर पुष्कळ काही अवलंबून असतं. तिथे वकील गाठा.

१६. 'न्यूयॉर्कनंतर जगातलं दुसरं गजबजलेलं बंदर' हे खरं का? आणि अंबानी तिथे काय करत होते?

हे विधान १९५० च्या दशकाबद्दल केलं जातं आणि ते काय मोजता यावर आहे. बोटींची ये-जा मोजली तर एडन फार वरच्या क्रमांकावर होतं. उतरलेला-चढलेला माल मोजला तर नाही. बहुतेक बोटी तेल आणि पाणी घेऊन, उतारूंना जकातमुक्त घड्याळं-कॅमेरे घेऊ देऊन काही तासांत निघत. इराणने १९५१ मध्ये अबादानचा तेलकारखाना ताब्यात घेतल्यावर त्याच्या मालक अँग्लो-इराणी कंपनीने (पुढची ब्रिटिश पेट्रोलियम) खाडीपलीकडच्या लिटल एडनला नवा शुद्धीकरण कारखाना काढला, तो १९५४ मध्ये सुरू झाला.

याच काळात धीरूभाई अंबानी बेस या फ्रेंच व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी करत होते. १९५८ मध्ये ते मुंबईला परतले. मुकेश अंबानी यांचा जन्म १९५७ चा, एडनचाच.

१७. इंग्रज कधी गेले, आणि बंदर एकदम ओस का पडलं?

डिसेंबर १९६३ मध्ये एडनच्या खोरमकसर विमानतळावर हातबाँब पडला आणि आणीबाणी आली. पुढची चार वर्षं रस्त्यांवर गोळीबार. २० जून १९६७ रोजी पोलिसांनीच बंड केलं आणि क्रेटर दोन आठवडे इंग्रजांच्या हातून गेलं. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी दक्षिण येमेन स्वतंत्र झाला. शेवटची तुकडी आदल्या दिवशी निघून गेली होती.

बंदर ओस पडलं त्याचं मुख्य कारण वेगळं. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि तो उघडला थेट जून १९७५ मध्ये. जे बंदर वाटसरूंवर जगतं त्याची वाटच बंद झाली. तोवर बोटी मोठ्या झाल्या होत्या, त्यांना मध्ये थांबायची गरज उरली नव्हती, आणि विलायतेला जाणारा माणूस विमानात बसायला लागला होता.

मधल्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच: पहिल्या महायुद्धात तुर्कांनी एडन घेतलं होतं का? नाही. जुलै १९१५ मध्ये ते लाहेज घेऊन शेख उस्मानपर्यंत, म्हणजे पाण्याच्या विहिरींपर्यंत आले होते. काही दिवसांत त्यांना तिथून हटवलं, पण लाहेज युद्ध संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

१८. एडनच्या पारशी अग्यारीचं काय झालं?

एडनवाला घराण्याने १८८३ मध्ये तिथे अग्यारी बांधली. स्वातंत्र्यानंतर डाव्या सरकारने मालमत्ता ताब्यात घ्यायला सुरुवात केली, पारशी निघून गेले, आणि अग्नी राखणारे हात उरले नाहीत. विझवता येत नाही, सोडूनही जाता येत नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर नोव्हेंबर १९७६ मध्ये एअर इंडियाच्या विमानाने तो अग्नी जळताच मुंबईला आणला गेला. विमानात पारशी कर्मचारी होते, कारण बाकीच्यांची नजर पडणं धर्माला चालत नाही. मुंबईहून तो लोणावळ्याला नेला. आजही तो तिथल्या अग्यारीत आहे. पारशी नसाल तर आत जाता येणार नाही, बाहेरून इमारत पाहता येते.

१९. आमचे पूर्वज एडनला होते. शोध कुठे घ्यावा?

मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या दप्तरात एडनचे खंडच्या खंड आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही एडन रेसिडेन्सीचं दप्तर आहे. जाण्याआधी पूर्वजाची पलटण किंवा खातं आणि अंदाजे वर्ष, एवढं तरी घरच्या कागदांतून काढून ठेवा. नुसत्या आडनावावर काही सापडत नाही, कारण पलटणीच्या यादीत पुष्कळदा आडनाव नसतंच. 'गणू बिन रामजी' असं बापाचं नाव असतं, नाहीतर 'गोविंद चिपळूणकर' अशी गावाची ओळख.